याहून सावकाश?

टेबलावर सहा पानं आहेत. तीन लाल, तीन काळी. एक बदाम, एक इस्पिक, मग चौकट, मग किलवर, अशी आळीपाळीने ती एकावर एक ठेवली जातात. ठेवणारा हात एकच आहे, डावा. उजवी बाही कोटाच्या खिशात गेलेली आहे आणि खेळ संपेपर्यंत ती तिथेच राहणार आहे, कारण त्या बाहीच्या टोकाला पंजा नाही. म्हातारा पानं एकेक करून उलटतो. तिन्ही लाल एकत्र, तिन्ही काळी एकत्र. तेल आणि पाणी वेगळं व्हावं तशी. लोक हसतात, पुढे सरकून बसतात. तो पुन्हा तीच सहा पानं मांडतो, आधीपेक्षा हळू. मग त्याहून हळू. “याहून सावकाश करता येत नाही,” असं तो स्पॅनिशमध्ये म्हणतो, थोडा थांबतो आणि पुस्ती जोडतो, “किंवा कदाचित येतही असेल.”

हा रेने लावांद. कागदोपत्री नाव एक्तोर रेने लावांदेरा. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्समध्ये २४ सप्टेंबर १९२८ रोजी त्याचा जन्म झाला. सात वर्षांचा असताना त्याने चँग या नावाने खेळ करणाऱ्या जादूगाराला रंगमंचावर पाहिलं आणि पोराच्या डोक्यात जादू शिरली ती कायमची. नऊ वर्षांचा झाला तेव्हा कुटुंब कोरोनेल सुआरेझ या गावी राहत होतं. कार्निव्हलचे दिवस होते, मुलं रस्त्यावर खेळत होती, एक मोटार अंगावर आली. त्यात त्याचा उजवा हात चिरडला आणि कापावा लागला. मुलगा उजखोरा होता. म्हणजे लिहिणं, जेवणं, बटण लावणं सगळं नव्याने शिकायचं होतं, आणि त्यात एका अडाणी डाव्या हाताने पत्त्यांचा कॅट पिसणंही होतं.

शिकवणार कोण? पत्त्यांच्या जादूची जी पुस्तकं त्या काळी मिळत, ती दोन हातांच्या माणसांनी दोन हातांच्या माणसांसाठी लिहिलेली. एका हाताने कॅट धरायचा, दुसऱ्याने पान काढायचं, हे त्यातलं पहिलं गृहीत. लावांदला ते सगळं बाजूला ठेवून पिसणं, काटणं, वाटणं, पान लपवणं या प्रत्येक कृतीची स्वतःची रीत शोधावी लागली. तो स्वयंशिक्षित झाला तो हौसेने नव्हे, दुसरा मार्गच नव्हता म्हणून. मराठी वाचकाला इथे एकलव्य आठवल्याशिवाय राहणार नाही. फक्त क्रम उलटा आहे: एकलव्य आधी एकट्याने शिकला आणि मग अंगठा गमावून बसला, तर इथे हात आधी गेला आणि विद्या मागाहून आली. महाभारताच्या आदिपर्वात एक बारीक तपशील आहे. अंगठा दिल्यावरही एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडत राहिला, पण पूर्वीसारखा वेग त्याच्यात राहिला नाही. कथेत ती हानी आहे. लावांदने त्याच हानीला आपली शैली केलं.

पुढचं चरित्र थोडक्यात सांगण्यासारखं आहे. किशोरवयात तो तांदिल या गावी आला, पुढे काही वर्षं बँकेत नोकरी केली आणि रात्री पत्ते हातात घेतले. १९६० मध्ये जादूगारांची एक स्पर्धा जिंकली आणि बत्तिसाव्या वर्षी तो व्यावसायिक झाला. ब्युनोस आयर्सची नाट्यगृहं, दूरचित्रवाणी, १९६१ मध्ये अमेरिका, तिथे एड सुलिव्हनचा कार्यक्रम, नंतर युरोपचे दौरे. २००२ च्या ‘उन ओसो रोखो’ या अर्जेंटिनी चित्रपटात त्याने गुन्हेगारी म्होरक्याची भूमिका केली. नेस्तोर फ्रेंकेल या दिग्दर्शकाने २०१३ मध्ये त्याच्यावर माहितीपट काढला. नाव ‘एल ग्रान सिमुलादोर’, म्हणजे महान सोंगाड्या. जगभरातले जादूगार शिकायला तांदिलला येत. ७ फेब्रुवारी २०१५ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, तो तिथेच वारला.

दौरे, चित्रपट आणि शिष्य इतरही जादूगारांच्या वाट्याला येतात. लावांदबद्दल खरोखर थांबून पाहण्यासारखं काही असेल तर तो त्याचा संथपणा.

युरोपीय भाषांत हातचलाखीला जो शब्द आहे, ‘प्रेस्तिदिजितासिओन’, त्यात चपळ बोटं हा अर्थ आहे. लावांदने त्याची सुरुवात बदलली आणि स्वतःच्या कलेला ‘लेन्तिदिजितासिओन’ म्हटलं: मंद बोटांची कला. मराठीतही गंमत तीच आहे. ‘हातचलाखी’त चलाखी आहेच, म्हणजे चपळाई आहे. हात इतका झपकन फिरला की डोळ्याला दिसलंच नाही, ही आपली समजूत त्या शब्दातच बसलेली आहे. प्रेक्षकाच्या दृष्टीने ही समजूत फार सोयीची असते. आपण फसलो ते डोळ्यांच्या मर्यादेमुळे, बुद्धीचा त्यात दोष नाही, असं म्हणून घरी जाता येतं. लावांद ही पळवाट बंद करतो. त्याच्यापुढे ‘हात फार वेगाने चालला’ असं म्हणता येत नाही. ‘दुसऱ्या हाताने काहीतरी केलं असेल’ हेही म्हणता येत नाही. हाताच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. इथे काकण डोळ्यांसमोर आहे, प्रकाश लख्ख आहे, आणि तरीही दिसत नाही.

मग प्रश्न उभा राहतो तो दोन पदरी. हे खोटं आहे का? आणि आपण जेव्हा ‘प्रत्यक्ष पाहिलं’ म्हणतो, तेव्हा नेमकं काय पाहिलेलं असतं?

पहिल्या प्रश्नावर चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीनने विचार केला होता. त्याचा ‘सोलिलोक्विया’ हा ग्रंथ म्हणजे त्याने स्वतःच्याच विवेकबुद्धीशी केलेला संवाद. त्यात तो दोन प्रकारची माणसं वेगळी काढतो. एकाला फसवायचंच असतं. दुसऱ्याच्या बोलण्यात असत्य असतं, पण हेतू रंजनाचा असतो. विनोद आणि काव्य त्या दुसऱ्या प्रकारात मोडतात. पुढे तो रोमन नट रोशियसचं उदाहरण घेतो. हा नट रंगमंचावर ट्रॉयची राणी हेकुबा होतो, म्हणजे तो खोटी हेकुबा आहे. पण खोटी हेकुबा झाल्याशिवाय तो खरा नट कसा ठरणार? खोटा हेक्टर व्हायला तो तयार नसेल तर खरा शोकनट होऊच शकत नाही. काही गोष्टी एका अर्थी खोट्या असल्यामुळेच दुसऱ्या अर्थी खऱ्या असतात, आणि ऑगस्टीनला हे अस्वस्थ करतं. एक्तोर हे हेक्टरचंच स्पॅनिश रूप. जन्मनावाने खरा हेक्टर असलेला तांदिलचा माणूस आयुष्यभर या कोड्याचं प्रात्यक्षिक देत राहिला, हा निव्वळ योगायोग. पण कोडं मात्र तेच. तिकीट काढून आलेल्या माणसाला आपण फसणार आहोत हे ठाऊक असतं. पैसे त्यासाठीच मोजलेले असतात. जादूगाराने फसवलं नाही, तर तो खरा विश्वासघात.

दुसरा प्रश्न अधिक खोल जातो, आणि तिथे आपल्याकडची दर्शनं उपयोगी पडतात.

नैयायिकांनी ज्ञानाची साधनं मोजताना प्रत्यक्षाला पहिलं स्थान दिलं, अनुमानाला त्यानंतरचं. धूर दिसतो, त्यावरून आग ताडली जाते. व्यवहारात मात्र ही दोन्ही इतकी एकमेकांत मिसळलेली असतात की कुठे पाहणं संपलं आणि कुठे ताडणं सुरू झालं हे कळत नाही. गुस्ताव कून आणि मायकेल लँड या संशोधकांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर उडवतो आणि झेलतो. तिसऱ्यांदा उडवल्याचा अभिनय करतो, चेंडू मुठीतच राहतो, पण नजर वर जाते. सुमारे दोन तृतीयांश प्रेक्षकांनी चेंडू वर जाऊन नाहीसा झाल्याचं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली तपासल्या तर ज्या जागी चेंडू ‘दिसला’ तिथे ते डोळे गेलेच नव्हते. डोळ्यांनी चूक केली नव्हती. जादूगाराच्या चेहऱ्याकडे पाहून मनाने चेंडू वर पाठवला आणि त्या अनुमानावर ‘प्रत्यक्ष’ असा शिक्का मारला. आपल्याकडचा ‘नजरबंदी’ हा शब्द म्हणूनच जरासा फसवा आहे. नजर मोकळीच असते. बंदी पडते ती निष्कर्षावर.

माद्रिदच्या हुआन तामारिस या जादूगाराने १९८७ मध्ये ‘ला व्हिया माखिका’ या पुस्तकात जादूचा एक सिद्धांत मांडला. प्रेक्षकाच्या मनात येऊ शकतील अशा एकेका स्पष्टीकरणाची वाट जादूगाराने आधीच बुजवत जायची, म्हणजे शेवटी चमत्काराची वाट तेवढी उघडी राहते. भारतीय तर्कशास्त्रात याला जवळची एक रीत आहे: परिशेष. शक्य पर्याय एकेक करून वगळायचे, जो शेष राहील तो खरा धरायचा. लावांद प्रेक्षकाला हीच रीत वापरायला भाग पाडतो. वेग? वगळा. दुसरा हात? वगळा. जास्तीची पानं? ती सहाच आहेत, मोजा. आणि सगळं वगळून झाल्यावर शेष काहीच उरत नाही. चमत्कार असतो हे प्रेक्षक मानत नाही, आणि दुसरं काही असू शकतं असं त्याला दिसत नाही. या दोन्हींच्या मधली ती बिनआधाराची जागा हाच लावांदचा खरा रंगमंच.

शंकराचार्यांना जादूगार चांगला ठाऊक होता. मांडूक्यकारिकांवरच्या भाष्यात ते एक खेळ वर्णन करतात. मायावी आकाशात सूत फेकतो, शस्त्रं घेऊन त्यावर चढतो, दिसेनासा होतो, तुकडे तुकडे होऊन खाली पडतो आणि पुन्हा उठतो. खरा मायावी मात्र या सगळ्या वेळात जमिनीवरच उभा असतो, स्वतःच्या मायेने झाकलेला, कुणाला न दिसणारा. ब्रह्मसूत्रभाष्यातही हा सुतावर चढणारा येतो, आणि दुसऱ्या एका ठिकाणी आचार्य म्हणतात की मायावीला त्याची स्वतःची माया कधीच शिवत नाही, कारण ती वस्तूच नाही. ब्रह्म आणि जगत् यांचं नातं समजावण्यासाठी त्यांनी निवडलेला हा दृष्टान्त बाजारातला आहे. तो ऐकणाऱ्यांनी असा खेळ पाहिलेला किंवा निदान ऐकलेला असणार, एरवी दृष्टान्त म्हणून तो कामाचा नव्हता.

पण अद्वैताचा अधिक प्रसिद्ध दृष्टान्त दुसरा आहे, दोरीवरच्या सापाचा. दिवा आणला की साप जातो. ज्ञान झालं की भ्रम संपतो. पत्त्यांच्या जादूला हा दृष्टान्त बसत नाही, कारण इथे ‘ही जादू आहे, खरं नव्हे’ हे ज्ञान पहिल्या क्षणापासून असतं आणि तरी आश्चर्य तसूभरही कमी होत नाही. वेदान्ती यासाठी वेगळी संज्ञा वापरतात: सोपाधिक भ्रम. स्फटिकाजवळ जास्वंदीचं लाल फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो. तो लाल नाही हे कळलं तरी दिसायचा तो लालच दिसतो. फूल जवळून हलवेपर्यंत त्यात फरक पडत नाही. लावांदच्या टेबलावरची पानं त्या स्फटिकाच्या जातीची आहेत. माहीत असणं आणि दिसणं या दोन गोष्टी एकाच माणसात, एकाच वेळी, एकमेकींशी न भांडता नांदू शकतात. ‘जगन्मिथ्या’ म्हणणारा संन्यासीही मध्यान्हीच्या उन्हात सावली शोधतोच. त्याची आपण नेहमी थट्टा करतो. सहा पानांसमोर बसलेला सुशिक्षित प्रेक्षक त्याच्याच पंगतीला असतो.

हीच बोटं जुगाराच्या टेबलावर गेली की गोष्ट बदलते. १९०२ मध्ये शिकागोत एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने एक पुस्तक निघालं, ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’. त्यात जुगारात पान कसं दाबायचं आणि कॅटच्या तळातून कसं वाटायचं, याचं काटेकोर वर्णन आहे. लेखक कोण हे आजवर निर्विवादपणे ठरलेलं नाही. ते पुस्तक पुढे जादूगारांनी पोथीसारखं वाचलं. कॅनडातल्या ओटावाचा जादूगार डाय व्हर्नन लहानपणी त्याची पारायणं करत मोठा झाला, आणि १९२२ मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात त्याने खुद्द हुडिनी या विख्यात जादूगाराला एकच खेळ पुन्हा पुन्हा दाखवून निरुत्तर केलं. मधे ठेवलेलं, हुडिनीच्याच सहीचं पान दर वेळी कॅटच्या वर येत राहिलं. जुगाऱ्याने हातोहात लुटावं म्हणून लिहिलेली विद्या आता हातोहात थक्क करू लागली होती. क्रिया तीच, बदलला तो करार. जुगाऱ्याच्या टेबलावर समोरच्याला आपण कुठला खेळ खेळतो आहोत हेच माहीत नसतं.

याच हुडिनीने मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या माध्यमांची पोल उघडली. आणि त्याचा एके काळचा मित्र आर्थर कॉनन डॉइल, तर्ककठोर शेरलॉक होम्सचा जनक, शेवटपर्यंत म्हणत राहिला की हुडिनीला स्वतःलाच अतींद्रिय शक्ती आहे, तो ती फक्त कबूल करत नाही. हुडिनीने कितीही नाकारलं तरी उपयोग झाला नाही. ‘मी जादूगार आहे’ ही कबुली पुरेशी असते, या आपल्या समजुतीला डॉइलने छेद दिला. करार दोघांनी पाळावा लागतो. आणि भ्रम फोडणाऱ्याचा हेतूही पाहावा लागतो. १८५६ मध्ये फ्रेंच सरकारने रोबेर-उदँ या जादूगाराला अल्जीरियात पाठवलं ते तिथल्या मराबूत फकिरांचा लोकांवरचा प्रभाव मोडण्यासाठी. त्याच्या खेळात लोखंडी तळाची हलकी पेटी विद्युतचुंबकाने अशी जखडली जाई की धट्टाकट्टा माणूस ती उचलू शकत नसे. फकिरांचे चमत्कार खोटे ठरवण्याचं हे काम साम्राज्याच्या कामी आलं. म्हणजे भ्रम उघड करणं हेही दर वेळी निष्पाप असतंच असं नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळी धार आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांची प्रात्यक्षिकं करतात. रिकाम्या मुठीतून विभूती निघते, पाण्याने दिवा पेटतो, आणि मग ते कसं झालं हे लगेच समजावून सांगितलं जातं. श्रीलंकेत स्थायिक झालेल्या अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये चमत्कार सिद्ध करणाऱ्याला एक लाख रुपयांचं आव्हान दिलं होतं. कार्यकर्त्यांची परंपरा त्याच वाटेची. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात याच चळवळीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं आणि पैसे उकळणं त्यात गुन्हा आहे. मंचावरच्या जादूगाराशी कायद्याचं भांडण नाही.

बाबा रहस्य लपवतो आणि त्याला सामर्थ्य म्हणतो. कार्यकर्ता रहस्य उघडतो आणि त्याला विज्ञान म्हणतो. लावांद रहस्य लपवतो आणि त्याला काहीच म्हणत नाही. तांदिलमधल्या त्या माणसावर आक्षेप घ्यायचा तर तो इथेच. त्याचा संथपणा हाच त्याचा सगळ्यात मोठा बनाव नाही का? ‘पाहा, मी काही लपवत नाही’ हे तो नेमकं लपवण्याच्या क्षणी सुचवत असतो. वेगाने फसवणारा निदान प्रेक्षकाच्या शंकेला जागा ठेवतो. हा तर विश्वासच वापरतो. गेलेल्या हाताचाही उपयोग होतोच. एक हात नसलेल्या म्हाताऱ्यावर कोण संशय घेईल? बोलताना तो कविता आणि गोष्टी गुंफत असे. ऐकणाऱ्याचं मन गोष्टीत गेलं की टेबलावर काय होतं ते सांगायला नको.

आक्षेप खरा आहे. त्याला मिळणारं उत्तर एका पावाच्या तुकड्यात आहे. लावांदचा आणखी एक खेळ प्रसिद्ध होता: एक कप आणि पावाचे तीन बारके गोळे. एक कपात टाकायचा, दुसरा कपात टाकायचा, तिसरा दूर फेकून द्यायचा. कप उपडा केला की तीन गोळे बाहेर. पुन्हा तेच, पुन्हा तीन. या खेळातून प्रेक्षकाचं काहीही हिरावलं जात नाही. पैसे नाहीत, श्रद्धा नाही, कुणावर सत्ता नाही. हातावर तुरी देऊन पळून गेलेल्याचा माग काढावासा वाटतो, तो काहीतरी घेऊन गेलेला असतो म्हणून. इथे पाव टेबलावरच आहे. जास्तीच झालेला.

आणि शंकराचार्यांच्या मायावीत व या मायावीत एक फरक राहतोच. आचार्यांचा मायावी मायेपासून अलिप्त असतो, हे त्याचं श्रेष्ठत्व. टेबलामागच्या माणसासाठी तीच किंमत आहे. सात वर्षांच्या पोराने चँगला पाहताना जे अनुभवलं, ते स्वतःच्या सहा पानांतून लावांदला कधीच मिळणार नव्हतं. खोलीतल्या सगळ्यांना मिळणाऱ्या आश्चर्याला एकटा तोच पारखा, कारण एकट्या त्यालाच माहीत आहे. दर प्रयोगात तो समोरच्या रांगेतल्या चेहऱ्यांकडे टक लावून पाहताना दिसतो.

त्याच्या खेळांच्या चित्रफिती आज कुणालाही पाहता येतात. तरुण जादूगार त्या रात्र रात्र पाहतात. एखादी जागा आली की चित्र थांबवतात, मागे नेतात, वेग निम्मा करतात, मग पाव करतात. डावा अंगठा पानाच्या कडेवरून इंचभर सरकायला आता कितीतरी सेकंद लागतात. आवाजही ताणून जाड झालेला असतो, शब्द ओळखू येत नाहीत, तरी बोलण्याच्या लयीवरून कळतं की म्हातारा आता कुठलं वाक्य म्हणतो आहे, आणि कुठली पुस्ती जोडतो आहे.